जळगाव-धुळ्यातले फ्लॅट आणि भाड्याची घरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार आणि शिरपूर-चाळीसगावसारखी तालुक्याची गावं डोळ्यासमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. पुण्या-मुंबईचे ठोकताळे इथे लागू पडत नाहीत. इथे घराची किंमत जागेइतकीच पाणी, ऊन आणि कागदपत्रं यांवर ठरते. हिशेबांतले किमतीचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तिथे आपल्या सौद्याचे आकडे टाकून पाहावेत.

खानदेशात फ्लॅटला खरंच मागणी आहे, की नुसत्या इमारतीच उभ्या राहताहेत?

मागणी आहे, पण ती सगळ्या प्रकारच्या फ्लॅटना नाही. इथल्या माणसाचा जीव अजून जमिनीत असतो. कापसाचे किंवा केळीचे पैसे हाती आले की पहिला विचार एनए (बिनशेती) प्लॉटचा होतो, मग रो-हाऊसचा, आणि शेवटी फ्लॅटचा. तरीही जळगावात पिंप्राळा, महाबळ, रिंग रोड, मेहरूणच्या बाजूला आणि धुळ्यात देवपूर, साक्री रोड, वलवाडीकडे इमारती वाढल्या. शहरात चालत जाण्याच्या अंतरावरचा प्लॉट नोकरदाराच्या आवाक्यातून गेला, हे त्याचं सरळ कारण.

दुसरं कारण शिक्षण. चोपडा, पाचोरा, अमळनेर, धरणगाव, शहादा, दोंडाईचा इथली कुटुंबं मुलं आठवी-नववीत आली की शहरात बिऱ्हाड करतात. आई मुलांबरोबर शहरात राहते, वडील शेती किंवा दुकान सांभाळून येऊन-जाऊन करतात. अशा घराला टू बीएचके पुरतो, आणि बाई एकटी मुलांना घेऊन राहणार म्हणून सोबतीची इमारत बंगल्यापेक्षा बरी वाटते. थ्री बीएचके आणि पेंटहाऊस मात्र रेंगाळतात. तेवढे पैसे असलेला माणूस इथे स्वतःचं घर बांधतो.

भाड्याने घर नेमकं कोण घेतं?

बदलीचे कर्मचारी (बँक, महसूल, वीज कंपनी, शिक्षण खातं), औषध आणि बी-बियाणं कंपन्यांचे प्रतिनिधी, वैद्यकीय महाविद्यालयांतले डॉक्टर, विद्यार्थी आणि वर सांगितलेली गावाकडची कुटुंबं. ठिकाणाप्रमाणे हे प्रमाण बदलतं. जळगावात एमआयडीसीतल्या चटई, पाइप आणि डाळ उद्योगांतला कामगार अयोध्यानगर आणि आसपास स्वस्तातली खोली शोधतो, तर विद्यापीठाकडचा आणि बांभोरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी राष्ट्रीय महामार्गाच्या पश्चिम टोकाला, खोटेनगर-निमखेडीच्या बाजूला. भुसावळात रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र यांच्या स्वतःच्या वसाहती असल्यामुळे कायम कर्मचाऱ्यांपेक्षा ठेकेदारांची माणसं आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिलेली कुटुंबं भाड्याच्या बाजारात जास्त दिसतात. धुळ्यात देवपूर म्हणजे महाविद्यालयांचा भाग, तर चक्करबर्डीच्या बाजूला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. शिरपूरला शैक्षणिक संकुलांमुळे गावाच्या मानाने विद्यार्थ्यांची मागणी मोठी आहे.

घर घेताना ‘भाड्याने जाईल का’ एवढं विचारून थांबू नये. ‘या सगळ्यांपैकी कोणाला जाईल’ हे विचारावं. एका फ्लॅटमध्ये विद्यार्थी आणि बँकेचा अधिकारी हे दोन्ही ग्राहक धरता येत नाहीत.

घर रिकामं कधी राहतं, भाडं कधी चढतं?

सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं) साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) बदलतं, भाडेकरूचं शाळेच्या घंटेवर. बदल्यांचे आदेश एप्रिल-मेमध्ये निघतात, शाळा जूनमध्ये उघडतात. म्हणून १५ मे ते १० जुलै हा भाड्याचा खरा हंगाम. सप्टेंबरनंतर रिकामं झालेलं घर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पडून राहू शकतं. त्यामुळे ११ महिन्यांचा करार नोव्हेंबरात संपत असेल, तर नव्या कराराची मुदत अशी ठेवावी की तो मेअखेर संपेल, मग ती ६ महिने असो की १८. करार ११ महिन्यांचाच असावा असा कायदा नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे मुदतीपुरता वापर देणारा भाडेकरार, ६० महिन्यांपर्यंत करता येतो.

भाड्याच्या उत्पन्नासाठी कर्ज काढून फ्लॅट घ्यावा का?

घेऊ नये. हिशेब पाहा. सगळे खर्च धरून फ्लॅट ३५ लाखांना पडला आणि महिना ९,००० भाडं आलं, तर वर्षाचे १,०८,००० झाले. त्यातून मेंटेनन्सचे १२,०००, घरपट्टी-पाणीपट्टीचे ६,००० आणि एक महिना रिकामा गेला म्हणून ९,००० वजा केले की हातात ८१,००० उरतात. म्हणजे ३५ लाखांवर जेमतेम २.३ टक्के. त्याच घरासाठी २८ लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं, तर हप्ता महिना सुमारे २४,३०० रुपये बसतो. दर महिन्याला १५,००० पेक्षा जास्त खिशातून घालावे लागतील.

‘किंमत तर वाढेल’ हे उत्तर नेहमी मिळतं. जागेची किंमत वाढते, इमारतीची घटते. फ्लॅटमध्ये आपल्या वाट्याला येणारी जागा थोडी असते, त्यामुळे पंधरा वर्षं जुना, लिफ्ट नसलेला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला की मालकाला धक्का बसतो. पाच-सात वर्षांत स्वतः राहायला जाणार असाल, किंवा आई-वडिलांना गावातून आणायचं असेल, तर घेणं योग्य. मधल्या काळातलं भाडं हा जोडधंदा समजावा.

मग प्लॉट, रो-हाऊस की फ्लॅट?

घरात वयस्कर माणसं असतील आणि कोणी ना कोणी घरी राहणार असेल तर रो-हाऊस. नवरा-बायको दोघं नोकरीला, घराला दिवसभर कुलूप, तर फ्लॅट. प्लॉट घ्यायचा तर ‘एनए आहे’ या शब्दावर विसंबू नका. बिनशेती आदेश, मंजूर ले-आउटचा नकाशा आणि सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा तिन्ही एकत्र ठेवून प्लॉट नंबर आणि क्षेत्र जुळवा. ले-आउटमधली खुली जागा प्लॉट म्हणून विकली गेली, किंवा गुंठेवारीचा (मंजुरीशिवाय पाडलेला) तुकडा एनए म्हणून दाखवला गेला, की बांधकाम परवानगीच्या वेळी सगळं अडतं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे सौद्याच्या वेळी डोक्यात असू द्या.

पूर्वी तीन मजली इमारती असायच्या, आता सहा-सात मजली का दिसतात?

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिने मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१० ठेवला, पण अधिमूल्य (जादा शुल्क) भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) घेऊन जादा बांधकामाची वाट खुली केली. शिवाय निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय मिळतो. ३०० चौरस मीटरच्या प्लॉटवर फक्त मूळ एफएसआय धरला तर ३३० चौरस मीटर, आणि अनुषंगिक धरून ५२८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५,६८० चौरस फूट बांधता येतं. जिना, बाल्कनी, लॉबी आता याच क्षेत्रात मोजतात.

यातली मेख रस्त्याच्या रुंदीत आहे. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर अधिमूल्याचा एफएसआय आणि टीडीआर मिळत नाही. जुन्या कॉलन्यांमधले कितीतरी रस्ते त्याहून अरुंद आहेत. अशा गल्लीत बिल्डर सहा मजले दाखवत असेल, तर मंजूर नकाशाची प्रत मागा आणि मजले मोजा.

रेरा नंबर (गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी) नाही असं सांगतात. घ्यावं का?

आधी प्रकल्पाचा आकार पाहा. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट ८ पेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडच्या बऱ्याच इमारती एक-दोन प्लॉट जोडून उभ्या राहतात, त्यामुळे त्या कायदेशीरपणे या सवलतीत बसतात. नंबर नाही म्हणजे फसवणूकच, असं नाही.

पण तुमचं संरक्षण तिथे कमी होतं. नोंदणीकृत प्रकल्पात, नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि बांधकामातला दोष ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निघाला तर बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. लहान इमारतीला १९६३ चा मोफा (फ्लॅटच्या मालकीचा) कायदा लागू असतो. त्यात करारापूर्वी घ्यायच्या रकमेची मर्यादा २० टक्के आहे. म्हणून लहान इमारतीत इसार पावतीवर मोठी रक्कम देऊ नका. आधी साठेखत (खरेदीचा करार) नोंदवा, मग पैसे. पाच वर्षांच्या दुरुस्तीची अटही त्यातच लिहून घ्या. सांगितली तर बहुतेक जण घालतात, न सांगितली तर कोणीच घालत नाही.

दोन लागून असलेल्या इमारती, एकच पार्किंग, एकच पाण्याची टाकी, आणि कागदावर मात्र आठ-आठ फ्लॅटचे दोन वेगळे प्रकल्प, असं दिसलं तर ती सवलत नाही, पळवाट आहे. कायद्यात सगळे टप्पे मिळून मोजायचे असतात.

‘हजार स्क्वेअर फूट’ म्हणजे किती?

बोलीत ते सुपर बिल्टअप (जिना, लॉबीचा वाटा धरून) असतं. कार्पेट (घराच्या आत वापरता येणारं क्षेत्र) साधारण ६५० ते ७०० निघतं. करारात कार्पेट क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं, त्याला १०.७६४ ने गुणा आणि मागितलेल्या किमतीला त्या आकड्याने भागा. दोन इमारतींची तुलना फक्त या दरावर करा. टेप घेऊन बेडरूम मोजायला लाजू नका.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) नसेल तर काय बिघडतं?

राहायला गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं काहीच बिघडत नाही, म्हणूनच लोक फसतात. नंतर फ्लॅट विकायला काढला की घेणाऱ्याची बँक कर्ज नाकारते, आणि मग रोखीचा, म्हणजे पडत्या भावाचा ग्राहक शोधावा लागतो. ‘घरपट्टी लागली आहे, वीज मीटर आहे, मग अडचण काय?’ हा युक्तिवाद ऐकू नका. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून मिळालेलं भोगवटा प्रमाणपत्र हाच कागद. त्याच्याबरोबर मंजूर नकाशा पाहा : पार्किंग दाखवलेल्या जागी गाळे निघाले असतील, तर ते प्रमाणपत्र मिळणं अवघड.

पाण्याचं काय पाहायचं?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जळगावला वाघूर धरणाचं पाणी, धुळ्याला तापी आणि इतर योजनांचं. पण धरणात पाणी असणं आणि नळाला रोज येणं यात फरक आहे. आपल्या शहरांत पाणी दिवसाआड, काही भागांत त्याहूनही जास्त दिवसांनी येतं. त्यामुळे इमारतीची जमिनीखालची टाकी किती मोठी, हा पहिला प्रश्न.

माणशी दिवसाला १३५ लिटर हे नियोजनाचं प्रमाण. १२ फ्लॅट, घरटी ४ माणसं, म्हणजे ६,४८० लिटर. उन्हाळ्यात प्रत्येक घरी एक कूलर आणि त्याला दिवसाला ६० लिटर धरले तर आणखी ७२०. एकूण रोजचे ७,२०० लिटर. पाणी तीन दिवसांनी येत असेल तर २१,६०० लिटर साठवण हवी. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेसहा फूट पाणी राहील अशी टाकी म्हणजे सुमारे २२,००० लिटर. बिल्डर ‘मोठी टाकी आहे’ म्हणाला तर झाकण उघडायला लावा आणि काठी घालून खोली मोजा. बारा फ्लॅटला १०,००० लिटरची टाकी दिलेली असते आणि मार्चपासून टँकर सुरू होतो, त्याची वर्गणी भाडेकरूकडून घ्यायची की मालकाकडून यावर दरवर्षी भांडण.

बोअर असेल तर त्याचं पाणी जड आहे का पाहा. नळाच्या तोटीवर, गीझरच्या जोडावर पांढरा थर दिसतोच. तापीकाठच्या गाळाच्या भागात, यावल-रावेरकडे केळीसाठी इतका उपसा झाला आहे की बोअर खोल खोल न्याव्या लागल्या, तर धुळ्याच्या काळ्या खडकात बोअरला पाणी लागणं हे भेगेवर अवलंबून. ‘आमच्या बोअरला भरपूर पाणी आहे’ हे वाक्य ऑगस्टमध्ये ऐकू नका, मेमध्ये ऐका. शेजारच्या इमारतीतल्या बायांना विचारलं की खरं उत्तर दोन मिनिटांत मिळतं.

वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त मिळतोय. घ्यावा?

जळगाव-भुसावळचा पारा मेमध्ये ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत ती ऊब खाली सोडत राहतो. वरचा मजला घ्यायचा तर गच्चीवर काय काम केलं आहे ते पाहा. विटांच्या तुकड्यांचा सरासरी ४ इंच कोबा, पाणी निघून जाईल असा उतार आणि वर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी हे अजूनही सगळ्यात भरवशाचं काम. नुसता सिमेंटचा घोट्टा असेल तर उष्णता आणि गळती दोन्ही तुमच्या नशिबी. तेवढी सोय नसेल तर दर मार्चमध्ये डिंक किंवा चिकट द्रव मिसळलेल्या चुन्याचे दोन हात द्यावेत. खर्च किरकोळ, फरक चांगला जाणवतो. पश्चिमेची भिंत उघडी असेल तर तिकडे बेडरूम नको, स्वयंपाकघरही नको. जिना किंवा संडास-बाथरूम त्या बाजूला असलेला नकाशा निवडा.

आता कूलर. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असल्यामुळे कूलर इथे उत्तम काम करतो, पण त्याला बाहेरची हवा आत ओढता आली पाहिजे आणि आतली हवा समोरच्या खिडकीतून बाहेर गेली पाहिजे. नव्या नकाशांत बाल्कनी काचेने बंद करतात, डक्टकडे एकच खिडकी ठेवतात. अशा घरात कूलर खोलीत ठेवावा लागतो, तासाभरात भिंती ओलसर होतात आणि गारवा संपतो. भाड्याने द्यायच्या घरात हॉल आणि एका बेडरूमच्या खिडकीबाहेर कूलरचा लोखंडी स्टँड, जवळ प्लग आणि बाल्कनीत पाण्याचा नळ एवढं करून ठेवा. मॉड्युलर किचनपेक्षा या तीन गोष्टींनी घर लवकर जातं.

गच्चीचा हक्कही विचारा. कुरडया, पापड, बिबडे, मिरच्या यांचं वाळवण गच्चीशिवाय होत नाही, आणि ‘टेरेस वरच्या फ्लॅटवाल्याच्या मालकीचं’ असं करारात लपलेलं असतं. सामाईक गच्ची विकता येत नाही.

नव्या घराला वर्षभरात तडे गेले. बांधकाम कच्चं आहे का?

तड्याची दिशा पाहा. कॉलम आणि भिंत जिथे भेटतात तिथे उभा, केसासारखा तडा असेल तर तो दोन वेगळ्या साहित्यांच्या आकुंचनाचा आहे. प्लास्टर करण्याआधी त्या जोडावर कोंबडीजाळी ठोकली असती तर तो टळला असता. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला आणि पावसाळ्यात रुंदावणारा तडा मात्र पायाचा असू शकतो.

आपल्या काळ्या मातीचा हा गुण आहे : उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. पाया काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत गेला पाहिजे. जोत्याखालची काळी माती काढून मुरूम ६-६ इंचांच्या थरात, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस केलेला हवा. एकदम तीन फूट भर टाकून वर फरशी केली की दोन पावसाळ्यांत फरशी खचते. इमारतीभोवती बाहेर उतार असलेला तीन फुटी कोबा असावा, आणि शोषखड्डा पायाला चिकटून नसावा. बिल्डरकडे माती परीक्षणाचा अहवाल मागा. ज्याने तो केला आहे तो आनंदाने दाखवतो.

मे महिन्यात स्लॅब टाकला तर चालतो का?

चालतो, काळजी घेतली तर. कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवस पाणी, असं भारतीय मानकात आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पीपीसी म्हणजे राखेचंच सिमेंट वापरतात, आणि पाणी मात्र सात दिवसांत बंद होतं. स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवता येतं, कॉलमची तशी सोय नसते. त्यांना ओलं गोणपाट गुंडाळावं लागतं. साइटवर जाऊन फक्त कॉलम पाहा : गोणपाट कोरडं किंवा नसलंच, तर त्या बिल्डरचं बाकी काम कसं असेल ते कळतं. स्लॅब संध्याकाळी सुरू करणं आणि खडीवर आधी पाणी मारणं या दोन सवयी चांगल्या मिस्त्रीकडे असतात.

वाळूचा प्रश्न वेगळा. गिरणेच्या वाळूचा पावसाळ्यात उपसा बंद असतो आणि एरवीही ती महाग पडते. म्हणून क्रश सँड आली, आणि २०२५ मध्ये राज्याने कृत्रिम वाळूचं धोरणही आणलं. काँक्रीटला चांगली क्रश सँड चालते. नदीची वाळू तपासायची तर काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर मिठाचं पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर ट्रॅक्टर परत पाठवा.

किमतीशिवाय किती पैसे लागतात?

महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि स्थानिक अधिभार मिळून ६ टक्के. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर ५ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००. ३५ लाखांच्या फ्लॅटवर पत्नीच्या एकटीच्या नावाने घेतल्यास ३५,००० वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली.

जीएसटीचा मुद्दा इथल्या ग्राहकाला फार महत्त्वाचा आहे आणि तोच दुर्लक्षित राहतो. बांधकाम चालू असलेल्या घरावर एरवी ५ टक्के, पण महानगरांबाहेर कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत (सुमारे ९६८ चौरस फूट) आणि पार्किंग वगैरे धरून एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर फक्त १ टक्का. जळगाव-धुळ्यातले बहुतेक टू बीएचके यात बसतात. ३५ लाखांवर १,७५,००० आणि ३५,००० एवढा तो फरक. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला जीएसटी नाही.

भाडेकरार नोटरी केला तर पुरतो ना?

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने ते खोटं ठरवेपर्यंत. नोटरी केलेल्या मुद्रांक कागदावर घर देणारा मालक स्वतःचंच नुकसान करतो.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ९,००० भाडं, ११ महिने म्हणजे ९९,०००. परतीचं डिपॉझिट ३०,००० असेल तर त्यावर १० टक्के दराने ११ महिन्यांचं व्याज २,७५० धरतात. एकूण १,०१,७५० वर ०.२५ टक्के, म्हणजे २५५ रुपयांच्या आसपास, आणि ते वरच्या शंभरात धरतात. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन केला तर दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटची फी वेगळी. ऑनलाइन नोंदणीला दोन्ही पक्षांचं आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो. शेतात राबणाऱ्या किंवा वयस्कर माणसाचा ठसा बऱ्याचदा उमटत नाही. तसं झालं तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन करा, नोटरीकडे वळू नका. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं हे वेगळं काम आहे, तेही करा.

डिपॉझिट किती, आणि परत करताना वाद कसा टाळायचा?

आपल्याकडे दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं चालतं. आत जाण्याच्या दिवशी दोघांनी मिळून फोनवर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्यावा : नळ, गीझर, पंखे, खिडक्यांच्या काचा आणि मीटरचं रीडिंग. रंग वापराने मळतो, त्याचे पैसे कापणं बरोबर नाही. भिंतीला ड्रिलची दहा भोकं पाडली असतील तर ते कापता येतील. कूलरच्या पाण्याने खिडकीखालची भिंत खराब होणं हा इथला नेहमीचा वाद. तो कोणी दुरुस्त करायचा हे करारात एका ओळीत लिहून टाका.

एकाच मीटरवर तीन भाडेकरू आहेत. बिल का एवढं येतं?

महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतो. तिघांचे १२०-१२० युनिट एकत्र आले की ३६० होतात आणि वरचे युनिट महागड्या टप्प्यात जातात. वेगवेगळी मीटर असती तर प्रत्येकाचा बहुतेक वापर पहिल्याच टप्प्यात राहिला असता. सबमीटरने वाटणी होते, टप्पा बदलत नाही. दोन खोल्या कायम भाड्याने द्यायच्या असतील तर स्वतंत्र मीटर घ्या.

विद्यार्थ्यांना कॉट बेसिसवर (दर खाटेमागे भाडं घेऊन) द्यावं का?

भाडं जास्त मिळतं, झीजही जास्त होते. एका टू बीएचकेमध्ये सहा मुलं म्हणजे पाणी दीडपट, आणि मे-जून घर मोकळं. करार एका पालकाच्या नावाने करा आणि राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात घाला.

घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी दुप्पट मेंटेनन्स मागते.

सहकारी सोसायटीला बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा शुल्क ८०० असेल तर जास्तीत जास्त ८० रुपये. इमारतीचं अपार्टमेंटचं घोषणापत्र झालेलं असेल (आपल्याकडे लहान इमारतींचं ते अनेकदा असतं), तर आधी त्यातली उपविधी वाचा.

करार संपला, भाडेकरू घर सोडत नाही. कुलूप बदलू का?

मुळीच नाही. वीज-पाणी तोडणंही नाही, त्याने तुम्हीच अडचणीत याल. करार नोंदणीकृत असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. यासाठी आधी नोटीस पाठवलीच पाहिजे अशी अट त्या कलमात नाही. मुदत संपल्यावर जुन्याच भाड्याची रक्कम गुपचूप स्वीकारत राहू नका. नवा करार करा, किंवा ‘नुकसानभरपाई म्हणून स्वीकारली’ असं लिहून पावती द्या.

मनमाड-इंदूर रेल्वेमुळे धुळ्यात आताच घेऊन ठेवावं का?

३०९ किलोमीटरच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी. धुळ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण रेल्वेच्या नावाने विकले जाणारे प्लॉट आणि रेल्वे आल्यावर भाड्याने जाणारी घरं ही वेगवेगळ्या जागी असू शकतात. भूसंपादनाच्या नोटिशीत गट नंबर आहे का हे तलाठ्याकडे आणि भूसंपादन कार्यालयात आधी तपासा. संपादनात जाणारा तुकडा ‘स्टेशनजवळचा प्लॉट’ म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो. राहण्यासाठी घ्यायचं असेल तर आज रस्ता, पाणी आणि गटार असलेल्या जागीच घ्या.

आम्ही पुण्यात किंवा सुरतेला असतो. गावाकडचा फ्लॅट कुलूपबंद ठेवावा की भाड्याने द्यावा?

द्यावा. बंद घरात पहिल्याच पावसाळ्यात बाथरूमच्या सापळ्यातलं पाणी आटून झुरळं आणि वास येतो, दारं फुगतात, वाळवी लागली तर कळत नाही. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि मेमध्ये, यायचं असेल तर एक खोली स्वतःकडे ठेवण्याचा मोह होतो. भाडेकरूला ते अवघड जातं आणि भाडं कमी येतं. त्यापेक्षा सामान भावाकडे ठेवा आणि पूर्ण घर द्या. करार ऑनलाइन होतो, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या शहरांतून ठसा देता येतो. भाडं बँकेतच घ्या. घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्याच्या ३० टक्के रकमेची आयकरात सरसकट वजावट मिळते. चावी आणि दुरुस्तीसाठी गावातला एक प्लंबर आणि एक वायरमन ठरवून त्यांचे नंबर भाडेकरूला पहिल्याच दिवशी द्या, म्हणजे नळ गळाला की फोन पुण्याला न येता त्यांना जाईल.